किडनी नऊ वर्षांपूर्वीच काढली, मग मणक्यात कॅन्सर कुठून आला?

नीरेकाठ | सोमवार, रात्री ११.५२

मंडळी, डोकं चालेनासं झालंय म्हणून इथे लिहितोय. विस्कळीत वाटलं तर सांभाळून घ्या.

वडील (अण्णा) ७१ वर्षांचे. एसटीत ३१ वर्षं ड्रायव्हर. नऊ वर्षांपूर्वी पित्ताशयाच्या खड्यांसाठी सोनोग्राफी केली, त्यात डाव्या किडनीत गाठ दिसली. सहा सेंटिमीटरची, क्लिअर सेल कार्सिनोमा, म्हणजे किडनीचा एक कॅन्सर. किडनी काढली. केमो नाही, रेडिएशन नाही. ‘सगळं निघालंय’ असं सर्जन म्हणाले. पाच वर्षं नेमाने तपासण्या केल्या, सगळं स्वच्छ. मग आम्ही विसरलो. खरं सांगायचं तर आनंदाने विसरलो.

मार्चपासून पाठ दुखायला लागली. एसटीचा ड्रायव्हर, पाठ दुखणारच, यावर आमचं, शेजाऱ्यांचं आणि गावातल्या डॉक्टरांचं एकमत. उसण भरली म्हणून वाडीवरच्या पायाळू काकूंकडून पाय लावून घेतला. मेडिकलमधून डायक्लोफेनॅक ही दुखण्याची गोळी आणून घेत होते, तीन महिने. एक्स-रे काढला, त्यावर ‘वयोमानाप्रमाणे झीज’. पण अण्णा रात्री अंथरुणावर पडेनात. आडवं झालं की दुखणं वाढायचं, म्हणून अंगणात खुर्चीवर बसून झोपायचे. गाडी चालवून पाठ गेली असेल तर पडल्यावर बरं वाटायला हवं ना? हे आम्हाला आता सुचतंय.

गेल्या आठवड्यात देवळातून परत येताना डाव्या पायातली चप्पल रस्त्यात राहिली आणि अण्णा वीसएक पावलं तसेच चालत आले. त्यांना कळलंच नाही. आईने मागून चप्पल उचलून आणली. त्याच रात्री पुण्याला नेलं. एमआरआयमध्ये डी १० (पाठीच्या दहाव्या) मणक्यात गाठ, मज्जारज्जूवर दाब. स्टिरॉइड सुरू केलंय, आज बायोप्सी झाली.

माझा प्रश्न अडाण्यासारखा वाटेल. ज्या किडनीत कॅन्सर होता ती नऊ वर्षांपूर्वीच गेली. मग हा आला कुठून? आणि किडनी मणक्याला चिकटलेली तर नसते. डॉक्टरांना विचारलं, ‘रक्तातून’ म्हणाले आणि पुढच्या पेशंटकडे वळले. त्यांना दोष देत नाही, बाहेर रांग जिन्यापर्यंत होती. पण रक्त तर सगळीकडे जातं. मणकाच का?

मावळतीकडे | सोमवार, रात्री ११.५९

चपलेचं वाचून पोटात गोळा आला. अण्णांना लवकर आराम पडो. इथे जाणकार आहेत, उत्तर मिळेल.

सूक्ष्मदर्शी | मंगळवार, सकाळी ६.३५

प्रश्न अजिबात अडाणी नाही. मी पॅथॉलॉजिस्ट होतो, सरकारी मेडिकल कॉलेजातून निवृत्त. हाच प्रश्न वैद्यकात शंभराहून जास्त वर्षं चघळला गेलाय.

आधी नऊ वर्षांचं. किडनी काढली तेव्हा गाठ पूर्ण निघाली हे बरोबरच असणार. पण गाठ सहा सेंटिमीटरची होईपर्यंत वर्षं गेलेली असतात आणि तेवढ्या काळात काही पेशी आधीच बाहेर पडलेल्या असू शकतात. त्या कुठल्याही स्कॅनमध्ये दिसत नाहीत. हाडांच्या मज्जेत जाऊन पडून राहतात, वाढत नाहीत, मरतही नाहीत. बहुतेकांचा आजार परततो तो पहिल्या तीन ते पाच वर्षांत, पण किडनीचा कॅन्सर उशिरा उठण्यासाठी कुप्रसिद्ध आहे. दहा वर्षांनंतर, पंधरा वर्षांनंतर परतलेले रुग्ण मी स्लाइडवर पाहिले आहेत. म्हणजे अण्णांच्या मणक्यातली गाठ नवी दिसली तरी बी जुनंच असावं.

आता वाटेचं. किडनीतून निघालेलं रक्त मोठ्या शिरेतून हृदयात आणि तिथून फुप्फुसात जातं. ती पहिली चाळणी. किडनीचा कॅन्सर सगळ्यात जास्त फुप्फुसात सापडतो तो म्हणूनच. पण या हमरस्त्याला एक आडवाट आहे. पाठीच्या कण्याभोवती आणि आत, मज्जारज्जूच्या भोवती, शिरांचं एक जाळं असतं, माकडहाडापासून कवटीपर्यंत. त्या शिरांना झडपा नाहीत.

तुम्ही नीरेकाठचे म्हणजे विहिरीवरची मोटर पाहिलेली असेल. फूट व्हॉल्व्ह खराब झाला की मोटर बंद केल्यावर पाइपातलं पाणी उलटं विहिरीत जातं. पायाच्या शिरांना असे व्हॉल्व्ह जागोजागी असतात, कण्याच्या जाळ्याला नसतात. त्यामुळे तिथलं रक्त दाब जिकडे कमी तिकडे जातं. आपण खोकलो, शिंकलो, संडासला जोर केला, जड पोतं उचललं की पोटातला दाब वाढतो आणि मोठ्या शिरेतलं थोडं रक्त या जाळ्यात ढकललं जातं. त्यात कॅन्सरची पेशी असेल तर ती फुप्फुसाची चाळणी चुकवून थेट मणक्यात पोहोचू शकते.

हे दाखवलं फिलाडेल्फियाच्या ऑस्कर बॅटसन या शरीररचनाशास्त्रज्ञाने, १९४० साली. त्याला कोडं पडलं होतं प्रोस्टेटच्या कॅन्सरचं, तो फुप्फुसाला वगळून मणक्यात कसा जातो म्हणून. त्याने प्रेतांच्या जननेंद्रियाच्या शिरेत रंगद्रव्य सोडलं आणि एक्स-रे काढले. द्रव्य ओटीपोटाच्या हाडांतून मणक्यांत चढलेलं दिसलं. त्या जाळ्याला अजून बॅटसनचं जाळं म्हणतात.

डाव्या किडनीची शीर उजवीपेक्षा बरीच लांब असते आणि पुष्कळ जणांत तिला कमरेच्या मणक्यांकडून येणारी एक शीर मागून येऊन मिळते. म्हणजे किडनी मणक्याला चिकटलेली नसते हे खरं, पण दोघांच्या घरांमध्ये मागचं दार असतं.

अर्धविराम | मंगळवार, सकाळी ८.१०

वाखुसा (वाचनखूण साठवली). फूट व्हॉल्व्हमुळे एकदम डोक्यात बसलं.

तर्कट | मंगळवार, सकाळी ९.२२

डॉक्टरसाहेब, मला हे अति सोपं वाटतंय. प्रश्न फक्त पाइपलाइनचा असेल तर जिथे रक्त जास्त तिथे कॅन्सर जास्त दिसायला हवा. मांडीच्या स्नायूंत रक्त काय कमी जातं? प्लीहेत? तिथे कॅन्सर पसरल्याचं फारसं ऐकत नाही. शिवाय किडनीचा कॅन्सर बरगड्या, खुबा, दंडाचं हाड इथेही जातो असं वाचलंय. दंडाचं हाड काही बॅटसनच्या जाळ्यात येत नाही.

सूक्ष्मदर्शी | मंगळवार, सकाळी ११.०५

नावाला जागलात! आक्षेप अगदी बरोबर आहे, आणि बॅटसनच्या आधीपासूनचा आहे.

१८८९ साली लंडनच्या स्टीफन पॅजेट या सर्जनने स्तनाच्या कॅन्सरने दगावलेल्या ७३५ बायकांच्या नोंदी तपासल्या. प्लीहेच्या धमनीतून भरपूर रक्त जातं तरी तिथे गाठी फार थोड्या, यकृतात आणि हाडांत मात्र खूप. त्याने म्हटलं, बी चहूकडे उधळलं जातं, पण उगवतं फक्त मानवणाऱ्या जमिनीत. पुढे १९२८ मध्ये अमेरिकेच्या जेम्स यूइंगने हे खोडलं आणि सगळं रक्ताच्या वाटांवर नेऊन ठेवलं. आज कोणी एकाच बाजूला उभं राहत नाही. वाट पेशीला दारापर्यंत आणते, आत राहू द्यायचं की नाही ते घर ठरवतं.

मोठ्या माणसात लाल, म्हणजे रक्त बनवणारी, मज्जा उरते ती मणके, बरगड्या, कमरेची हाडं, कवटी आणि दंड-मांडीच्या हाडांच्या वरच्या टोकात. तुम्ही सांगितलेली यादी जवळपास हीच आहे! फुप्फुसाची चाळणी ओलांडून धमन्यांतून आलेल्या पेशीही तिथेच उतरतात. लाल मज्जेतल्या केशवाहिन्या रुंद, त्यांच्या भिंती विरळ आणि रक्त संथ. पेशीला थांबायला आणि बाहेर पडायला सोपं.

पुढचं आणखी वाईट आहे. कॅन्सरची पेशी हाड स्वतः फारसं खात नाही. आपल्या हाडात मुळातच दोन प्रकारचे कामगार असतात, जुनं हाड विरघळवणारे ऑस्टिओक्लास्ट आणि नवं रचणारे ऑस्टिओब्लास्ट. किडनीच्या कॅन्सरच्या पेशी रसायनं सोडून पहिल्यांना कामाला जुंपतात. हाड विरघळलं की त्यात साठवलेली वाढीची द्रव्यं सुटतात, ती खाऊन गाठ वाढते, वाढलेली गाठ आणखी हाड पाडायला लावते. म्हणून हा मणका पोखरला जातो. प्रोस्टेटच्या कॅन्सरमध्ये बहुधा उलट, तिथे हाड जास्तीचं आणि वेडंवाकडं बनतं.

ज्यांचा किडनीचा कॅन्सर पसरतो त्यांच्यातल्या साधारण एकतृतीयांश जणांच्या हाडांत तो जातो, आणि त्यात मणके वरच्या क्रमांकावर.

नीरेकाठ, दोन गोष्टी लगेच पाहा. रक्तातलं कॅल्शियम आणि क्रिएटिनीन (किडनीचं काम कसं चाललंय ते यावरून कळतं). हाड विरघळतंय तर कॅल्शियम वाढलेलं असू शकतं. बद्धकोष्ठ, सतत तहान, बरळणं यांकडे लक्ष ठेवा. आणि डायक्लो किडनीला त्रास देतं, ते एका किडनीवर तीन महिने हे ऐकून मी चहाचा कप खाली ठेवला.

नीरेकाठ | मंगळवार, दुपारी १.४०

क्रिएटिनीन १.९ आलंय, मागच्या वर्षी १.२ होतं. गोळी आल्या दिवशीच बंद केली. बद्धकोष्ठ आहे, पण आम्ही त्याचा दोष दवाखान्याच्या जेवणाला देत होतो. कॅल्शियमचं आज विचारतो.

फिल्मवाला | मंगळवार, दुपारी ३.१५

एमआरआय सेंटरवर बारा वर्षं टेक्निशियन आहे. रिपोर्ट लिहीत नाही, पण फिल्म रोज बघतो.

एक्स-रेत काही दिसलं नाही याचं वाईट वाटून घेऊ नका. साध्या एक्स-रेवर मणक्यातला खड्डा दिसायला तिथलं तीस ते पन्नास टक्के खनिज आधी जावं लागतं. गाठ बहुतेकदा मणक्याच्या मागच्या भागात बसते आणि तिथून बाजूच्या खांबात, म्हणजे पेडिकलमध्ये सरकते. समोरून काढलेल्या एक्स-रेत प्रत्येक मणका घुबडाच्या तोंडासारखा दिसतो, दोन पेडिकल म्हणजे दोन डोळे. एक पेडिकल खाल्लं गेलं की घुबड डोळा मारतंय असं वाटतं. आमच्याकडे नव्या पोरांना पहिल्या आठवड्यात हे शिकवतात. पण घुबडाने डोळा मिटला म्हणजे बराच उशीर झालेला असतो.

बोन स्कॅनवरही पूर्ण विसंबू नये. तो नवं हाड बनतंय का ते दाखवतो. किडनीचा कॅन्सर नुसताच पोखरत असेल तर स्कॅन गप्प राहू शकतो.

आणि पूर्ण कण्याचा एमआरआय झालाय का बघा. दुखतं तिथलाच काढून पाठवलेले पुष्कळ येतात. गाठी एकापेक्षा जास्त ठिकाणी असतात, तेही न दुखता.

सातबारा | मंगळवार, रात्री ९.४८

फिल्मवाला यांना एक विचारायचंय, पण आधी आमचं सांगते. मोठ्या दिरांना मणक्यात ‘सडलेलं’ दिसलं म्हणून टीबी धरून चालले. एका खासगी दवाखान्यात बायोप्सी न करताच एकेटी (टीबीची औषधं) सुरू केली. आमच्या भागात मणक्याचा टीबी घरोघरी ऐकलेला, त्यामुळे आम्हालाही पटलं, उलट कॅन्सर नाही म्हणून पेढे वाटायचे बाकी राहिले होते. चार महिने गोळ्या घेतल्या, वजन घटतच गेलं. दुसऱ्या डॉक्टरांनी पोटाची सोनोग्राफी केली तर उजव्या किडनीत नारळाएवढी गाठ. त्यांच्यात कॅन्सरची पहिली खूण मणकाच होता. लघवीतून रक्त नाही, पोटात दुखणं नाही, काही नाही. फिल्मवर फरक कळतो का हो?

फिल्मवाला | मंगळवार, रात्री १०.२०

ताई, पुष्कळदा अंदाज येतो. टीबी सहसा दोन मणक्यांमधली गादी धरतो, शेजारचे दोन्ही मणके खातो, बाजूला पू साठतो. कॅन्सर मणका खातो आणि गादी शाबूत ठेवतो. पण अपवाद इतके बघितलेत की फिल्मवरून पैज लावणार नाही. तुकडा काढून तपासल्याशिवाय नाव देऊ नये.

ओवी | बुधवार, सकाळी ७.३०

मी फिजिओथेरपिस्ट. धाग्यावर सगळे चपलेवर थांबले, मी पायाळू काकूंवर थांबले. श्रद्धा-अंधश्रद्धेचा वाद इथे नको, साधी उसण आपली आपण बरी होते आणि श्रेय काकूंना जातं, ठीक आहे. पण आतून पोखरलेल्या मणक्यावर पाय, चोळणं, हाडं ‘कडकड’ वाजवून घेणं यातलं काहीही झालं तर मणका दबू शकतो.

माझ्याकडे पाठदुखी घेऊन आलेल्या प्रत्येकाला पहिला प्रश्न असतो, कधी कुठलाही कॅन्सर झाला होता का, किती का जुना असेना. निम्मे लोक ‘नाही’ म्हणतात आणि उठताना ‘ते एक किडनीचं ऑपरेशन झालं होतं, पण त्याला वर्षं झाली’ असं सांगतात. पाठीचा आणि किडनीचा काय संबंध, असंच त्यांना वाटतं. रात्री वाढणारं, पडल्यावर वाढणारं दुखणं, छातीभोवती पट्टा आवळल्यासारखं दुखणं, पाय जड होणं, जिना उतरताना गुडघा दगा देणं, लघवी अडणं, यातलं काही असेल तर मी हातच लावत नाही, एमआरआयला पाठवते.

आरोग्यधन | बुधवार, सकाळी १०.०२

बायोप्सी करून मोठी चूक केलीत. सुई लागली की कॅन्सर पसरतो हे सर्वांना माहीत आहे. आमच्याकडे गव्हांकुर आणि ताम्रभस्माचा योग आहे, व्यनि (खासगी निरोप) करा.

तर्कट | बुधवार, सकाळी १०.०९

आलात का. उशीर केलात.

सूक्ष्मदर्शी | बुधवार, सकाळी ११.३०

आरोग्यधन, अण्णांचा आजार मुळातच रक्तातून मणक्यात आलेला आहे, सुईने तो आणखी कुठे न्यावा? सुईच्या वाटेवर पेशी रुजल्याची उदाहरणं आहेत, पण ती फार विरळ. त्यापुढे, काय आहे ते माहीत नसताना चार महिने टीबीच्या गोळ्या खाणं कितीतरी महागात पडतं, ते सातबारा यांनी लिहिलंच आहे. आणि क्रिएटिनीन १.९ असलेल्या एकट्या किडनीवर धातूचं भस्म? कृपया नको.

नीरेकाठ | गुरुवार, रात्री १०.४४

रिपोर्ट आला. क्लिअर सेल, किडनीचाच. पूर्ण कण्याचा एमआरआय झाला, डी १० शिवाय कमरेच्या एका मणक्यात छोटा ठिपका आहे, तिथे दाब नाही. फुप्फुसं स्वच्छ. कॅल्शियम थोडं वाढलेलं होतं, सलाइन लावलंय.

सर्जन म्हणाले, ऑपरेशन करून मज्जारज्जू मोकळा करू, वर-खाली स्क्रू आणि रॉड घालू. पण त्याच्या आदल्या दिवशी कॅथलॅबमध्ये नेऊन गाठीच्या रक्तवाहिन्या बंद करायच्या, नाहीतर टेबलावर रक्त आवरणार नाही. हे काय असतं? मावशी म्हणतेय, दोन-दोन ऑपरेशनं कशाला, नुसतं शेक (रेडिएशन) द्या म्हणा.

सूक्ष्मदर्शी | शुक्रवार, सकाळी ६.२०

क्लिअर सेलच्या बहुतेक गाठींत व्हीएचएल नावाचं जीन बिघडलेलं असतं. ते १९९३ मध्ये सापडलं. निरोगी पेशीत त्याचं काम, ऑक्सिजन पुरेसा असताना टंचाईची घंटा वाजू न देणं. ते बिघडलं की पेशी ऑक्सिजन असूनही गुदमरल्याची ओरड करते आणि नव्या रक्तवाहिन्या मागवते. गावात पाणी असताना दुष्काळ जाहीर करून टँकर लावून घ्यावेत तसं. ऑक्सिजन ओळखण्याच्या या यंत्रणेच्या शोधाबद्दल २०१९ चं नोबेल केलिन, रॅटक्लिफ आणि सेमेन्झा यांना मिळालं.

म्हणून ही गाठ जिथे जाईल तिथे रक्ताने गच्च असते. कॅथलॅबमध्ये जांघेतून नळी घालून तिला रक्त देणाऱ्या धमन्या बारीक कणांनी बुजवतात. डी १० च्या आसपास, बहुधा डाव्या बाजूने, मज्जारज्जूला रक्त देणारी एक महत्त्वाची धमनी निघते. अॅडमकीविच नावाच्या पोलिश डॉक्टरने १८८२ मध्ये वर्णन केलेली. ती नेमकी कुठून निघते हे आधी अँजिओग्राफीत पाहतात. त्याच वाटेवर असेल तर तिथे हात लावत नाहीत. तुम्ही सर्जनना हे जरूर विचारा, ते रागावणार नाहीत.

मावशींसाठी: नेहमीच्या रेडिएशनला किडनीचा कॅन्सर तसा दाद देत नाही, नेमक्या जागी मोठे डोस देणाऱ्या नव्या पद्धतीने जास्त देतो. आणि मज्जारज्जू दाबला गेला असेल तर काय करावं यावर २००५ साली प्रसिद्ध झालेला पॅचेल यांचा अभ्यास आहे, निरनिराळ्या कॅन्सरच्या १०१ रुग्णांवरचा. ऑपरेशन आणि रेडिएशन दोन्ही मिळालेल्यांपैकी ८४ टक्के चालू शकले, नुसतं रेडिएशन मिळालेल्यांपैकी ५७ टक्के. पाय पूर्ण गेल्यावर दोन दिवसांपेक्षा जास्त वेळ गेला तर ते परत येणं अवघड असतं. अण्णा अजून चालताहेत, म्हणून घाई.

एकवीस_दिवस | शुक्रवार, दुपारी ४.५५

मी स्वतः पेशंट. किडनी, मग बरगडी आणि एल २ (कमरेचा दुसरा मणका). चौथं वर्ष चालू आहे.

ऑपरेशननंतर औषधं येतील. टँकर बंद करणाऱ्या गोळ्या (सुनिटिनिब, पाझोपॅनिब, कॅबोझँटिनिब वगैरे) आणि प्रतिकारशक्ती जागी करणारी सलाइनं. गोळ्यांनी तळपाय सोलतात, आधीपासून खोबरेल नाहीतर डॉक्टर देतील ते मलम लावायला लागा, बीपी रोज बघा. हाडांसाठी झोलेड्रोनिक किंवा डेनोसुमॅब देतात. त्याआधी दात दाखवा. हललेली दाढ असेल तर आधीच काढून घ्यायची, इंजेक्शन सुरू झाल्यावर काढली तर जबड्याचं हाड सडू शकतं. मला हे कोणी सांगितलं नव्हतं, पुढचं विचारू नका. एक किडनी आहे तर झोलेड्रोनिकचा डोस क्रिएटिनीन बघून ठरतो.

खर्चाचं: महात्मा फुले योजनेत काय बसतं ते दवाखान्यातल्या आरोग्यमित्राला ऑपरेशनच्या आधी विचारा, नंतर नाही. परळला टाटात जायचं ठरलं तर दादरच्या गाडगे महाराज धर्मशाळेत राहायची सोय होते. माझे तीन महिने तिथेच गेले.

नीरेकाठ | (धागा वर काढतोय) सव्वा महिन्यानंतर

सगळ्यांना वेगवेगळं उत्तर देणं जमलं नाही, राग मानू नका.

ऑपरेशन झालं. ती अॅडमकीविच डी ११ ला निघाली, आमच्या मणक्याच्या खाली, त्यामुळे धमन्या बुजवता आल्या. रक्ताच्या दोनच पिशव्या लागल्या. टाके निघाल्यावर रेडिएशन झालं. गोळी सोमवारपासून सुरू. दात दाखवले, दोन काढले. अण्णा म्हणाले पाठीचा रोग आणि दात कशाला पाडताय, मग त्यांना एकवीस_दिवस यांची पोस्ट वाचून दाखवली.

बॅटसनचं जाळंही समजावलं, फूट व्हॉल्व्हसकट. सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाले, ‘म्हणजे एसटीचा काही दोष नव्हता.’ तेवढ्यावर खूश.

वॉकर घेऊन फाटकापर्यंत जातात. डावा पाय अजून थोडा ओढतो. ओवी यांनी व्यनित सुचवल्याप्रमाणे मागे पट्टा असलेली सँडल आणली, तर ‘ही बायकांची आहे’ म्हणून दोन दिवस घातली नाही. काल आईने जुनी चप्पल माळ्यावर टाकून दिली.

ओवी | त्याच रात्री ११.१५

पट्टा घट्ट लावायचा, पण बोटांना मुंग्या येतात का ते रोज विचारा. आणि वॉकरची उंची एकदा मला फोटोत दाखवा, बहुतेक घरी तो बुटका असतो.